रेघेच्या वरचं काम

दादा, तुमची अक्षरं माझ्याकडं बहुतेक सगळी जमली, पण त्यांच्या डोक्यावरचं काहीच जमलं नाही. ते सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, आणि तुम्हाला लांबलचक वाचायचा कंटाळा तर जिवंतपणीच होता. पाटीवर चाराच्या जागी पाच शब्द आले की गिऱ्हाइकावर खेकसायचात, "ही पाटी हाय का पोथी?" तरी आज जरा ऐकून घ्या.

झालंय असं, की पुण्याच्या एका ऑफिसानं मला तुमच्या हाताचा फॉन्ट करायला सांगितला. म्हणजे कॉम्प्युटरवर कुणीही काहीही टाइप केलं तर ते तुमच्या वळणात उमटणार. मथळ्यांसाठी, हॉटेलांच्या मेनूसाठी, लग्नपत्रिकांसाठी, असला नक्षीदार प्रकार. मी त्यांना बजाजनगरातल्या त्या खाणावळीच्या पाटीचा फोटो दाखवला होता. तो पोटुशा 'ख' आणि पाय लांबवून बसलेला 'ळ' बघून तिथल्या मॅडम एकदम खूश. मी तर हुरळूनच गेले. म्हटलं, फ्लेक्सनं माझ्या वडिलांचं जे जे गिळलं ते मी परत काढणार. काय बोलायचं अशा बाईला! मी स्वतः आजही इथं शहरात फ्लेक्सच्याच दुकानात बसून वाढदिवसाचे बॅनर जुळवते. ती नोकरी धरली तेव्हा तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतात. आई मधे बसून निरोप पोचवायची. मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं भाकर घ्या," आणि तुम्ही माझ्यासमोर बसूनच म्हणायचात, "तिला म्हणावं मशीनला वाढ."

तर मी रविवारी रविवारी गाडी काढून फिरायला लागले. बजाजनगर पुरं पालथं घातलं. पंक्चरवाला, पिठाची गिरणी, सलून, ती खाणावळ. पूर्वी तुमच्या पाट्या मोजायच्या म्हटलं तर दिवस मावळला असता, आता एका हाताची बोटं पुरतात. बाकी सगळीकडं चकचकीत फ्लेक्स. सलूनवाल्यानं तुमची पाटी ठेवलीय, पण आत, आरशाच्या वर. म्हणाला, "ताई, पेंटरदादांची हाय, काढू वाटत नाय." मी तिथंच खुर्चीत बसून रडले. बिचारा दाढी अर्धवट सोडून माझ्यासाठी पाणी आणायला पळाला, आणि गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून माझ्याकडं बघत बसलं.

फोटो घरी आणून मोठे केले आणि एकेक अक्षर स्क्रीनवर उतरवायला घेतलं. अक्षराच्या कडेवर बारीक बारीक बिंदू ठेवायचे आणि ते ओढून गोलाई काढायची, असं ते काम. 'क' झाला, 'ख' झाला. तुमचा 'र' काढताना तर मला तुमच्या मनगटाचा झोकच दिसायचा. मग मी रेघेच्या वरच्या कामाला हात घातला, मात्रा, वेलांट्या, रफार, टिंबं. खाणावळीच्या 'जे'वरची मात्रा मोठी केली आणि बघतच राहिले. मात्रा टोकाला बारीक होत होती. झोकानं बारीक होणं वेगळं. ही, कुणीतरी घाबरून ब्रश लवकर उचलावा, तशी बारीक झाली होती. तसा ब्रश उचलणारं आपल्या घरात एकच माणूस होतं, दादा.

तुमची पद्धत बाकी कुठल्याच पेंटरची नव्हती. खडूचा दोरा ताणून फटका मारायचा, शिरोरेषा आखायची, आणि रेघेच्या खालचं सगळं दुकानात जमिनीवर बसून रंगवायचं. तेवढ्यावर पाटी नेऊन दुकानावर ठोकायची. वरचं काम तिथंच, शिडीवर उभं राहून. एक मात्रा काढायची, खाली उतरायचं, रस्ता ओलांडून पलीकडनं बघायचं, परत चढायचं. लोक हसायचे. बाकीचे पेंटर म्हणायचे, ह्याला गुडघ्याचं काय वैर हाय का? तुम्ही म्हणायचात, "बघणारा खालून बघतो. खालून बघितलं की वरचं आखडतं. मग ते वर जाऊनच ताणायला लागतं." शाळा तुमची चौथीपर्यंतची. कन्नड गावाच्या पलीकडं मेंढरं वळत होतात तोवर तुम्ही अक्षर म्हणून जे काढलं ते मेंढराच्या पाठीवर, गेरूनं. तुम्हाला हे कुणी शिकवलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

मग तुमचा हात कापायला लागला. जमिनीवर बसून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, तुम्ही खालची अक्षरं निभावून न्यायचात. पण शिडीवर एक हात शिडीला लागतोच. तेव्हापासून शिडीवर मी. दुपारची वेळ आहे, सलूनसमोर मी वरच्या पायरीवर उभी आहे, ब्रश भरलेला, आणि तुम्ही पलीकडच्या चहाच्या टपरीवरून ओरडताय, "आजून वर! आगं वर घे की, कशापायी भितीस?" सगळी टपरी माझ्याकडं बघतेय. मी मात्रा ओढली आणि घाईनं ब्रश उचलला. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, मान वर करून बघितलं आणि सलूनवाल्यासमोर म्हणालात, "हात भित्रा हाय हिचा. लेकीचा हाय म्हणून चालवून घ्या." लई लागलं होतं ते मला. मी बावीस वर्षांची होते, चित्रकलेचा डिप्लोमा हातात होता आणि स्वतःला कोण समजत होते कुणास ठाऊक.

हे सगळं मला आठवत होतं, पण त्याचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. उरलेली एकेक पाटी कधी लागली ते दुकानदारांना विचारत गेले. एकूण एक पाटी तुमचा हात कापायला लागल्यानंतरची. जुन्या पाट्या आधी गंजल्या, आधी गेल्या. शेवटच्या दोन वर्षांतल्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांच्यात रेघेच्या खाली तुम्ही आणि वर सगळी मी. चार महिने मी स्वतःच्याच हाताला तुमचा हात समजून त्याची पूजा करत होते. शप्पथ सांगते, त्या दिवशी लॅपटॉप खिडकीतनं फेकून द्यावासा वाटला.

तेवढ्यात बिडकीनची पाटी आठवली. बाजारातलं ते भुसार दुकान. मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून बसस्टँडपर्यंत आणि पुढं एसटीनं नेलं होतं. मी पोत्यावर बसून पेरू खातेय आणि तुम्ही माकडासारखे शिडीवर चढ-उतर करताय, हे अजून डोळ्यांसमोर आहे. 'किराणा, भुसार व बी-बियाणे.' मी कागदावर लिहून बघितलं. तीन वेलांट्या आणि एक मात्रा. तेवढ्यावर बाकीचं सगळं बसवता आलं असतं. वेलांटीचा वळसा कळला की रफार कळतो, मात्रेचं टोक कळलं की दोन मात्रांचं कळतं. चार खुणा, दादा. मला बास होत्या.

पैठण रोडवर आता ओळखू येत नाही असं बिडकीन झालंय, कंपन्यांच्या जमिनी, रुंद रस्ते, प्लॉटच्या जाहिराती. दुकान मात्र तिथंच. वर फ्लेक्स लागला होता. गल्ल्यावर दुकानदाराची बायको बसली होती. मी जुन्या पत्र्याच्या पाटीचं विचारलं तर म्हणाली, "हाय की! पत्रा चांगला होता, टाकला नाय आमी." मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी बाईचा हातच धरला. ती मला मागं घेऊन गेली. कडबा कापायच्या मशीनवर तुमची पाटी झाकण म्हणून घातली होती. निळा रंग तसाच, अक्षरं तशीच, नुसती पुसून घ्यायची. मी पदरानं पुसत पुसत वरच्या कडेला आले आणि तिथं काहीच नव्हतं. पत्रा शिरोरेषेवर संपत होता. वेलांट्यांचे नुसते दांडे उरले होते, काने असल्यासारखे.

"वरनं लांब व्हत व्हता," ती म्हणाली. "मालकांनी कात्रीनं पट्टी काढली. सरळ रेघ आयतीच व्हती ना, तिच्यावरनंच कापत आले."

"आणि ती पट्टी?"

"भंगारात गेली आसंल. का वं? काय व्हतं तिच्यात?"

काय सांगणार होते मी तिला? काही नव्हतं म्हटलं. तुम्ही दोरा ताणून, श्वास धरून आखलेली ती रेघ इतकी सरळ होती की माणसाला तिच्यावरच कात्री चालवावीशी वाटली. वाकडी आखली असतीत तर त्यानं दोन बोटं वरून कापलं असतं. बाईनं चहा केला. मी प्यायले. निघताना तिनं पत्रा न्या म्हणून आग्रह केला, पण मी नको म्हटलं. मशीन उघडं पडलं असतं.

परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावली. आता कुठंच काही नाही, हे मला तिथं कळलं. तुमची एकही मात्रा या जगात शिल्लक नाही. फोटो नाही, कच्चा कागद नाही, कारण तुम्ही वरचं काम कागदावर केलंच नाही. आणि असती तरी काय केलं असतं मी? ती त्या दुकानासाठी, त्या उंचीसाठी, समोरच्या रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी ताणलेली. मोबाइलवर ती सगळ्यांना बेढबच दिसली असती. पुण्याच्या मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "सगळ्या मात्रांची उंची एकच हवी हं." तुमच्या दोन मात्रा कधी एका उंचीच्या होत्या?

मग मी घरी येऊन बसले आणि मात्रा स्वतःच काढल्या. पाट्यांवरच्या माझ्या भित्र्या मात्रा टाकून दिल्या आणि डोळे मिटून तुमचं मनगट आठवत नव्या काढल्या. आठवलं नाही तिथं ठोकून दिलं. रफार तर सरळ सरळ मनानं. टिंब तुम्ही गोल द्यायचात की तिरकं, हे मी आईला विचारलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मला काय माहीत बाई, मी कधी मान वर करून बघितलं न्हाई."

फॉन्ट परवा पाठवला. तुमच्या हाताचा म्हणून पाठवला. काल मॅडमचा व्हिडिओ कॉल होता, आणखी दोघंजण होते. त्यांनी 'मिरवणूक', 'कैरी', 'दर्शन' असं काय काय टाइप करून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू का, खालची अक्षरं तशी पेंटर लोकांची नेहमीचीच आहेत. पण या मात्रा, हे रफार! काय निर्भय हात होता हो तुमच्या वडिलांचा. हे सगळं त्यांचंच ना?"

मी हो म्हटलं, दादा. तुमचंच म्हटलं.

वाईट वाटलं, लई वाटलं, अजून वाटतंय. पण ते नंतर. आधी मला आनंद झाला.