पिंपांना सांगावं लागतं

प्रिय आई,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार. माझी काळजी करू नकोस, मी वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे?

इकडे शतावरीचा हंगाम आलाय. उकडलेले पांढरे कोंब, वर पातळ केलेलं लोणी, शेजारी बटाटे आणि सोबत आमची सिल्वानर वाइन. गोड नाही म्हणून तू तोंड वाकडं करायचीस, तीच. किलियान तुला म्हणायचा, "आई, नुसती नका पिऊ. आधी लोण्याचा घास खा, मग बोला." आणि तू दुसरा पेला मागायचीस.

किलियान गेला तेव्हापासून सासूबाई रोज विचारायच्या, "पिंपांना सांगितलंस का?" इथे घरधनी गेला की तळघरात जाऊन वाइनच्या प्रत्येक पिंपावर टकटक करून सांगायचं असतं. नाहीतर वाइन आंबते म्हणे. मी टाळत होते. काल त्या चिडल्या, "अगं, गिऱ्हाइकं येतील आता. त्यांना व्हिनेगर पाजणार आहेस का?"

मग गेले. "तुमचा मालक गेला. आता मी आहे," म्हणाले. पहिल्या पिंपावर तीनदा टकटक करावी लागली. पुढे जमलं.

कोपऱ्यातलं लहान पिंप त्याने द्राक्षांच्या शेवटच्या तोडणीत स्वतःच्या हातांनी भरलं होतं. त्याच्यावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. सासूबाईंना म्हटलं, सगळ्यांना सांगून झालं.

त्या एकाला वाटू दे, किलियान मळ्यात गेलाय. आंबली तर आंबू दे.

तुझी,
फ्राउके