दुपट्ट्याखालचा करार

मु. वाडी, अमरावती रस्ता, नागपूर
१६ फेब्रुवारी १९८४

प्रिय मित्र देवराव यास,

श्रीधर नंदनवारचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, इंदूवहिनींचा दमा आणि विहिरीवरचा पंप या तिघांच्याही प्रकृतीत सुधारणा झाली असेल, अशी आशा करतो. मृग बहाराची तोड सुरू असल्यामुळे हे पत्र तुला निवांतपणे वाचता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही ते दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात तुला हसू येईल, आणि मला तुझ्या हसण्याचा काही उपयोग नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. मी राहतो त्या खोलीखाली मालवाहतुकीचे गोदाम असून, मागे सरकणाऱ्या ट्रकांना एक क्लीनर 'आन दे, आन दे' असे ओरडून दिवसभर मार्गदर्शन करीत असतो. (या शहरात मला भेटलेला हा एकमेव मनुष्य असा, की त्याने 'बस' म्हटले म्हणजे काहीतरी खरोखर थांबते.)

स्वतःचा फ्लॅट रंगरंगोटीसह तयार असताना मी वाडीत भाड्याच्या खोलीत का पडलो आहे, हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. तो यावा अशीच माझी इच्छा आहे, कारण त्याच्या उत्तराचा आरंभ तुझ्यापासून होतो. गेल्या वर्षी तुझ्या बागेत बसून संत्री सोलत असताना, नागपुरात घर घेण्याचा माझा विचार ऐकून तू म्हणाला होतास, 'भैयाजीले भेट. मंडीत अर्धी जिंदगी दलाली केली, आता बिल्डिंगा बांधून राहिला. पण माणूस जबानचा पक्का. कागद फाटते गा, जबान नाही फाटत.' त्याच क्षणी मी उठून बसस्टँडचा रस्ता धरायला हवा होता. परंतु संत्री चांगली होती आणि मी आणखी एक सोलले.

माझी कायदेशीर स्थिती तुला ठाऊक आहे. लीड्सच्या विद्यापीठात मी वस्त्रविद्या शिकवली, तेथील नागरिकत्व घेतले, आणि परिणामी उमरेडला ज्या घरात जन्मलो त्या घरासमोर उभा राहिलो तरी कायद्याच्या लेखी मी परदेशी मनुष्य आहे. परदेशी मनुष्याला येथे घर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. तिचा अर्ज मी असा भरला, की स्वीकारणाऱ्या कारकुनाने तो शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवला. तो अद्याप त्याच टेबलावर असावा. परवानगी येईपर्यंत करारपत्र होऊ शकत नाही. म्हणजे घर आहे, घेणारा आहे, विकणारा आहे. केवळ कागद नाही. यावर भैयाजींचे म्हणणे असे, की 'कागद येईन तवा येईन, डॉक्टरसाहेब. जबान तर आजच देऊन टाका.' मी नाइलाजाने दिली. येथवर माझ्याकडून एकही चूक झालेली नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

आता पुष्पलतेविषयी. तुझ्या वहिनीने नागपूरला परत येण्यास संमती दिली ती दोन अटींवर. पहिली, नळाला पाणी हवे. दुसरी, मी शेजाऱ्यांशी भांडता कामा नये. (लीड्सला आमच्या डावीकडच्या शेजाऱ्याने कुंपणाची झाडे वाकडी छाटली होती. ती सरळ कशी छाटावीत हे मी त्याला आकृती काढून समजावले, याला ती भांडण म्हणते. उजवीकडच्याशी झाले ते भांडणच होते, पण त्यात मी बरोबर होतो.) यांपैकी एकही अट मोडली तर ती मुलीकडे लीड्सलाच राहणार आहे, आणि पुष्पलता बोलते ते करते. ती याच महिन्याच्या अखेरीस येत आहे. सर्व व्यवहार चोख पूर्ण झाल्याचे मी तिला कळवून चुकलो आहे.

तर इमारतीच्या गच्चीवर, जानेवारीच्या उन्हात, पोहे आणि तर्री यांच्या साक्षीने बिऱ्हाडकरूंची बैठक झाली. विषय होता इमारतीचा मासिक खर्च, म्हणजे चौकीदार, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. लीड्सला अशा खर्चाचे छापील दरपत्रक असते आणि ते प्रवेशद्वारी काचेमागे लावलेले असते. येथे दरपत्रक कोठे आहे असे मी विचारले, तेव्हा तळमजल्यावरच्या मैनाबाईंनी (या विधवा असून पापड लाटून विकतात, आणि इमारतीतील प्रत्येक गोष्टीवर त्यांचे मत तयार असते) माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी पंगतीत बसून यजमानाला तांदळाचा भाव विचारला. त्या म्हणाल्या, 'इथं ज्याचं त्याचं वेगळं राहते जी. ज्याले जसं झेपते तसं. ते का भिंतीवर लावाची गोष्ट आहे?'

खुलासा असा, की या इमारतीत प्रत्येकाचा दर भैयाजी एकेकट्याशी ठरवतात, आणि तोही मंडीतल्या रिवाजाप्रमाणे, हातावर दुपट्टा टाकून, कपड्याखाली बोटे दाबून. तोंडाने एक शब्द नाही. कोण किती देतो हे दुसऱ्याला कळत नाही. तू जन्मभर याच पद्धतीने संत्री विकलीस, तेव्हा तुला यात नवल वाटणार नाही. मला मात्र हा खुलासा नंतर झाला. आधी एवढेच घडले, की भैयाजी हसत हसत माझ्याजवळ येऊन बसले, माझा उजवा हात हाती घेतला आणि त्यावर आपल्या खांद्यावरचा दुपट्टा टाकला. उन्हामुळे टाकला असावा, अशी माझी समजूत झाली.

देवराव, येथे क्षणभर थांबून माझ्या बाजूने विचार कर. मी कोष्ट्याचा मुलगा आहे. अक्षर ओळखण्यापूर्वी मी सूत ओळखत होतो. वडील मागावरून उतरलेल्या कापडाचा काठ माझ्या बोटांत देत आणि डोळे मिटून सांग म्हणत. पुढे त्याच विद्येवर मी डॉक्टरेट मिळवली. अशा मनुष्याच्या हातावर कापड पडले तर त्याची बोटे काय करतील? कापड चिमटीत धरतील, चोळतील, किंचित सोडून पुन्हा धरतील. माझ्या बोटांनी तेच केले. दुपट्टा हातमागाचा होता, वीण घट्ट होती आणि आडव्या सुताला दुहेरी पीळ होता. असा पीळ मी कित्येक वर्षांत हाताळला नव्हता, म्हणून खात्री करण्यासाठी मी पुन्हा चिमूट घेतली. मग काठाकडे वळलो. चिमटीत दर वेळी कापडाबरोबर भैयाजींचे एक बोटही येत होते, याकडे मी सौजन्यापोटी दुर्लक्ष केले.

प्रत्येक चिमटीला भैयाजींच्या भुवया वर जात होत्या. आपल्या दुपट्ट्याची पारख करणारा मनुष्य अखेर भेटला याचा त्यांना आनंद होत आहे, असे मी समजलो. शेवटी त्यांनी हात सोडला, घाम पुसला (त्याच दुपट्ट्याने, मला ते पाहवले नाही) आणि सर्वांना उद्देशून म्हणाले, 'मंडीत मी केस पांढरे केले, पण सोताचा भाव सोताच वाढोणारा माणूस आज पाहिला. मी थांबा थांबा म्हणून राहिलो, अन् हे वाढोतच राहिले.' गच्चीवर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर जागेश्वरजी यांनी उठून माझ्या गळ्यात हार घातला. हार आधीपासून कोणासाठी आणला होता, हे मी विचारले नाही.

मी कबूल केलेला दर जागेश्वरजींनी जिन्यात अभिनंदन करता करता मला सांगितला. (माझ्यापुरती गुप्तता भैयाजींनी उत्साहाच्या भरात सोडली होती.) तो आकडा मी येथे लिहीत नाही, कारण पुष्पलता तुमच्याकडे आली की जुनी पत्रे वाचते आणि तू कोणतेही पत्र फेकत नाहीस. एवढेच सांगतो, की त्या आकड्याच्या भरवशावर भैयाजींनी दुसऱ्याच दिवशी नवा पंप आणून बसवला. माझ्या आयुष्यात मी अनेक सदोष करार पाहिले आहेत. परंतु ज्या कराराला साक्षीदार दोनच, ते दोघेही पक्षकार, आणि त्यांतील एकाला करार चालू असल्याची वार्ताच नाही, असा हा पहिला.

मी भैयाजींना जिन्यात गाठून माझी भूमिका मुद्देसूद मांडली. संमती स्पष्ट शब्दांत हवी आणि कपड्याखाली झालेली कोणतीही गोष्ट सुसंस्कृत जगात करार ठरत नाही, असे सांगितले. भैयाजींनी सर्व ऐकून चहा मागवला आणि म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, हात तर तुमचाच होता ना? मंग सांगा, तुम्ही दुपट्ट्याखाली करून का राहिले होते?' आता या प्रश्नाला खरे उत्तर एकच आहे, आणि ते दिले तर माझी सुटकाही होते. मैनाबाईंनी पायरीवर बसल्या बसल्या तसे सुचवलेसुद्धा: 'समजलं नसन तर तसं सांगा ना जी. न समजलेल्या माणसाले कोणी धरत नाही. आमच्या इथं पावण्यारावळ्याचं असंच होते.' देवराव, ज्या मनुष्याने दोन खंडांत विद्यार्थ्यांना 'मला समजले नाही' हे वाक्य म्हणण्यास मनाई केली, त्याने ते एका जिन्यात उभे राहून, पापड वाळत असताना म्हणावे काय? मी म्हणालो, 'मला सर्व समजले होते.' आणि खाली उतरलो.

तेव्हापासून माझी अवस्था अशी आहे. दर मान्य केला, तर पुष्पलतेला हिशेब द्यावा लागेल. अमान्य केला, तर सबंध इमारतीशी वैर, म्हणजे दुसरी अट मोडली. फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि नव्या पंपाचे एक भांडे पाणी जरी वापरले, तरी करार आचरणाने मान्य केल्यासारखे होईल. न वापरावे, तर पहिली अट मोडली. म्हणून मी किल्लीच घेतली नाही. ती भैयाजींच्या कमरेला असते, आणि मी रस्त्याने जाताना दिसलो की ते ती प्रेमाने वाजवून दाखवतात. कोणी रागावलेले नाही, हे विशेष. लोक दुखावले आहेत. जागेश्वरजी मला पाहून दार हळूच लोटून घेतात. रागावलेल्या शेजाऱ्यांचा मला अनुभव आहे, दुखावलेल्यांचा नाही.

असो. हे सर्व केवळ तुझ्या माहितीसाठी, आणि माणसांची शिफारस करताना तू पुढे अधिक काटेकोर व्हावेस म्हणून लिहिले. तुझ्याकडून कोणत्याही साहाय्याची अपेक्षा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे आणि तत्त्वाचे प्रश्न मी एकट्याने सोडवत आलो आहे. इंदूवहिनींस नमस्कार. गुडघ्यांना जपावे, मोटारसायकलला लाथ मारण्याचे काम दुसऱ्या कोणास सांगावे.

तुझा,
श्रीधर

ता. क. गुरुवारी सकाळच्या एसटीने ये. दुपट्ट्याखालचे व्यवहार जाणणारा मनुष्य म्हणून तुझ्या शब्दाला येथे वजन आहे. तू सर्वांसमक्ष एवढेच सांगावेस, की विलायतेत चिमूट घेणे म्हणजे भाव खाली आणा असा संकेत असून ते जगजाहीर आहे. हे खरे नाही, पण लेखी देण्याचा प्रश्नच नसल्यामुळे तुला बाधा नाही. पुष्पलतेला यातील अवाक्षर कळू नये.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच भैयाजी येथे, खोलीवर, येऊन गेले. म्हणाले, 'मी तवाच वळखलं होतं. तुम्ही कापड पाहून राहिले होते. पण चारचौघांत कसं म्हणू? तुमची इज्जत गेली असती.' जुना दर आपण दोघांनी विसरावा, नव्याने बोलू, असे म्हणून त्यांनी पुन्हा दुपट्टा टाकला. या वेळी मी पूर्ण सावध होतो. एकही बोट हलवले नाही. हात लाकडासारखा ताठ ठेवला आणि भिंतीकडे पाहत बसलो. भैयाजी गहिवरले. बोट न हलवता हात तसाच सोडून देणे याचा मंडीतला अर्थ 'तुम्ही म्हणाल ते मान्य' असा होतो, हे तू मला इतक्या वर्षांत कधीही सांगितले नाहीस. भैयाजींनी म्हटले ते असे, की दर पहिलाच राहू द्यावा, आणि सबंध इमारतीच्या वसुलीचे कामही यापुढे मी पाहावे. मग प्रत्येकाचा दर त्यांनी मला बोटांनीच सांगितला. मैनाबाईंचा सांगताना त्यांनी माझे बोट नुसते धरल्यासारखे केले आणि न दाबताच सोडून दिले. भिंतीवर दरपत्रक लावण्याची माझी सूचना मी मागे घेत आहे. कारण विचारू नये.

ता. क. तिसरा. वसुली अधिकारी म्हणून कामास आजच आरंभ केला. थकबाकीदार एकच निघाला, तो मी. त्याला द्यावयाची नोटीस आत्ता लिहून पूर्ण केली. मसुदा फारच उत्तम उतरला आहे. मी तीन वेळा तपासला, त्यात एकही पळवाट नाही. तेव्हा गुरुवारची वाट न पाहता पत्र मिळताच ये.