काचेच्या मधोमध

सोलापूर,
मार्गशीर्ष, १९७४

प्रिय निलव्वा,

तुझ्या अप्पाचं अक्षर अजून कोंबड्यानं उकरल्यासारखंच आहे, तेव्हा पत्र कुणाचं म्हणून पाकीट उलटसुलट करत बसू नकोस. तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम जाड पाकीट, म्हणजे घरात कुणी गेलं असंही समजू नकोस. सगळे आहोत. तुझी अव्वा आहे, मी आहे आणि म्हातारीही आहे. म्हातारी म्हणजे आपल्या लाकडी कॅमेऱ्याची पितळी लेन्स, हे यशवंताला आधीच सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटायचं सासरच्यांनी एक आजेसासू लपवून ठेवली होती.

सात रस्त्यावर शरणप्पानं नवा स्टुडिओ थाटलाय. जपानी कॅमेरा, बटण दाबलं की झालं. त्याची लेन्स इतकी चोख, की एका वकिलाच्या बायकोनं स्वतःचा फोटो बघून विचारलं, या मिशा कुणाच्या हो? शरणप्पा सरळ माणूस, त्यानं सांगून टाकलं. आता ती बाई आपल्याकडे येते. म्हातारी खोटं बोलत नाही, पण दिसलं ते सगळं चव्हाट्यावरही मांडत नाही. तोंडावर देवीचे व्रण असलेल्या किती मुलींची लग्नं तिनं जमवली ते तूच बघितलंयस. व्रण असतात फोटोत, पण थिजत आलेल्या तुपातून बघावं तसे. डोळे मात्र असे येतात, की माणसानं मनात काय लपवलंय ते कळावं. आणि तिची ती जुनी खोड: नीट दिसायचं ते फक्त मधोमध. कडेला सरकलं की सगळं विरघळतं, गोल फिरतं, पडद्यावरच्या राजवाड्याचे खांब भोवऱ्यात सापडल्यासारखे वाकतात. म्हणून तर लग्नाच्या ग्रुपफोटोत मधल्या खुर्चीसाठी आपल्याकडे व्याही व्याह्याच्या पायावर पाय देतो. मागल्या महिन्यात करकंबच्या एका थोरल्या जावयानं, मला कडेला बसवलं तर बायकोला नांदवणार नाही, असं भर स्टुडिओत ऐकवलं. मधे बसवला. बायको कडेला वाहून गेली, तिचं कुणाला काही नाही.

तू गेल्यापासून फोकस लावायला स्टुलावर घागर ठेवतो. घागर गुणी आहे. हलत नाही, पाय हलवून स्टूल वाजवत नाही, गिऱ्हाइकाच्या टोपीला हसत नाही. पण बोलत नाही गं. तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून त्या स्टुलावर बसायचीस. गिऱ्हाईक आत केस विंचरायचं, मी काळ्या फडक्याखाली, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तू. त्या काचेवर माणूस उलटं दिसतं, त्यामुळे माझी पोर मी बरीचशी खाली डोकं वर पाय अशीच पाहिली. तुझा खालचा दात पडला तो मला वरचा पडल्यासारखा वाटला होता. अजून डोळे मिटले की तू उलटीच दिसतेस. सरळ आठवायला जरा वेळ लागतो.

यशवंत मास्तरकीच्या अर्जाला फोटो काढायला आला, तोही या म्हातारीसमोरच. एका फोटोसाठी तीनदा आला. एकदा म्हणे कॉलर वाकडी आली, एकदा म्हणे डोळे मिटले. डोळे कुठले मिटतात, ते तर आत केस विंचरतानाही पडद्याआडून स्टुलाकडेच लागलेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण बापाला फोकस दुसऱ्यांच्या पोरींचा चांगला लागतो. तुझ्या अव्वाला मात्र कळलं, आईच ती. त्याच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, एवढं ऐकल्यापासून तो दुकानात आला की ती अंगाला अंग लागू नये म्हणून पदर आवरून आत जायची. आणि तू आम्हाला सांगितलंस तेही कसं, तर स्टुलावर बसून, मी फडक्याखाली असताना. माझ्याकडे न बघता म्हातारीकडे बघून म्हणालीस, अप्पा, मी यशवंताशी लग्न करणार. माझं तोंड तुला दिसलं नाही. तुझं मला दिसलं, मधोमध, पापणीचा केसन्‌केस. त्या दिवशी कॅमेऱ्यात फोटोची काच, प्लेट, घातलेली असती तर, असं आता रोज वाटतं.

कारण तुझा एकही फोटो घरात नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी चार-दोन होते ते अव्वानं बंबात घातले. मी आडवा गेलो नाही. म्हटलं, घालू दे, काचा तर आहेत, पुन्हा छापू. मग ध्यानात आलं, आपल्या घरची काच कधी नेगेटिव्ह म्हणून राहिलीय का? गिऱ्हाइकाच्या काचा जपून ठेवायच्या आणि घरच्यांच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमला लावायच्या, ही आपल्या दुकानाची रीत. तुझं बालपण धुतलं आणि त्यामागे आता कुणाकुणाचे आजोबा फेटा बांधून बसलेत. हलवायाच्या घरात पेढा नसावा तसं झालं. हे अव्वाला मी सांगितलं नव्हतं. पण गेले काही महिने दुपारी मी पडलो की ती दुकानातल्या फ्रेमा उतरवते, पदरानं पुसते, उजेडाला धरते, आणि पुन्हा लावते. विचारलं तर म्हणते, धूळ लई बसतीया.

आता पत्राचं कारण. गेल्या आठवड्यात शरणप्पा नातेपुत्याला लग्नाची ऑर्डर करून आला आणि चहा पिता पिता बोलून गेला, तुमची नीला बाजारात दिसली, कडेवर पोर हाय, नाक तुमच्या घरचं हाय. अव्वा कपबशी घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडक्याखाली डोकं घातलं, तर काचेवर घागरीच्या जागी तुझी अव्वा. स्टुलावर बसलेली, हात मांडीवर, नजर म्हातारीवर. मी बाहेर आलो नाही. ती म्हातारीलाच विचारल्यासारखं म्हणाली, हिच्यात मधी किती मानसं मावत्यात वो? मी आतूनच म्हटलं, लांब लांब बसली तर एक. खेटून बसली तर तीन आणि मांडीवर एक. काचेवर सगळं उलटं, त्यामुळे तिच्या डोळ्यातलं पाणी मला वर चढताना दिसत होतं. मग म्हणाली, बसू की खेटून. बोलवा. तर पोरी, म्हातारीला लागणाऱ्या काचेच्या प्लेटा आता मिळत नाहीत, डब्यात शेवटची एक उरलीय आणि ती मी कुणाला देणार नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला पोरी माहेरी येतात, तशी ये. यशवंताला घेऊन, पोराला घेऊन. अव्वा मधे बसेल, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तो, आणि त्याला सांग, या वेळी ती पदर आवरणार नाही. मी म्हातारीच्या तोंडावरची टोपी काढीन, मनात एकदा ओम नमः शिवाय म्हणेन, पुन्हा घालीन. ही काच धुवायची नाही. तेवढा वेळ पोराला हलू देऊ नकोस, आणि त्याआधी मी फोकस लावत असेन तेव्हा तू म्हातारीकडेच बघ. फडक्याखाली तुझ्या बापाचं काय चाललंय, ते बघायची गरज नाही.

तुझाच,
उलट्या पोरीचा अप्पा