वखारीची भिंत सरळ काढायची

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझाच फोटो, आणि माझ्याच उरावर! बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीचा फोटो हौसेनं काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. मालकाच्या पोरानं, युवराजनं, तोच पालिकेत नेऊन दाखवला — "बघा सायेब, भिंत कललीया, पाडाय परवानगी द्या." आज पालिकेची दोघं येऊन अंबुबाईला कानडीत सांगून गेले, "खाली माडी" — खोली रिकामी कर म्हणं. त्या भिंतीला लागून म्हातारीची एकच खोली. सगळा जन्म ह्या मालकांचा तंबाखू निवडण्यात घातला तिनं. आता जायाचं कुठं?

भिंत सरळ हाय! मीबी त्याच वखारीत राबलेय, मला म्हाईत न्हाय? वाकडा माझा फोटो हाय.

मंगळवार, ४

बहिणीची रचना टिळकवाडीत लग्नाचे फोटो काढती. तिला फोन लावला. "मावशी, जवळ उभी राहून फोन वर तोंड करून धरलास व्हय? मग भिंत पडल्यागतच दिसणार. लांब जा."

लांब जा म्हणं! गल्ली हाय, मैदान न्हाय. समोरच्या घराला पाठ टेकली तरी निम्मी भिंत फोटोच्या बाहेर.

गुरुवार, ६

समोरच्या परशराम अण्णाच्या माडीवर चढले. ऊन डोळ्यात, भिंत काळी ठिक्कर. अण्णा म्हणतो, "ऊन फिरू दे, च्या घे. वखार काय पळून जात न्हाय." तीच तर चाललीया!

दुपारी गेले तर त्याच्या सुनेची लुगडी दोरीवर. सगळी फोटोत! काढ म्हटलं तर — "वाळू देत की आक्का."

रविवार, ९

आला एकदाचा फोटो! ऊन पाठीवर, लुगडी न्हाईत. रचनानं सांगितल्यागत फोनच्या पडद्यावर रेघा आणल्या, भिंतीची कड बरोबर रेघेला लावली. भिंत खांबागत उभी! तशीच पळत युवराजकडं. त्यानं बघितलं न बघितलं — "काकू, फोनात सरळ करून आणलासा."

"वाकडा होता तवा खरा, सरळ झाला की खोटा व्हय रं?"

"व्हय." आणि हसला वर!

मंगळवार, ११

घरात ह्यांचं वेगळंच — "भाकरी करपाय लागलीया आणि तू भिंती बघत हिंड." हिंडणार!

रचना म्हणाली, भिंतीशेजारी सरळपणाची खूण धर, मग कोण खोटं म्हणणार न्हाय. भरमू गवंड्याकडं ओळंबा मागितला, दोरीला वजन बांधलेला. "आता गवंडीकाम व्हय आक्का?" मेला! दिला पण.

बुधवार, १२

वरनं भिंतीच्या कडेला ओळंबा सोडला आणि माडीवर गेले. वाऱ्यानं दोरी हालायची. फोटो काढ, पुस. काढ, पुस. हात भरून आले. शेवटाला वारा पडला. असा स्वच्छ फोटो मी आजवर काढला न्हाय.

दोरी सरळ. भिंत न्हाय. वर दोरी कडेला टेकलेली, खाली वीतभर लांब. भिंत अंबुबाईच्या खोलीकडं कललीया. रविवारी मी भिंतीलाच रेघ लावली — मग सरळच दिसणार की!

दुसऱ्यांदा काढला. तेच. कुणाला दाखवू?

गुरुवार, १३

अंबुबाईला काल रातीच आमच्या बाहेरच्या सोप्यात झोपाय आणली. सकाळी फोटो युवराजच्या पुढ्यात धरला. "तू खरा. पाड. पण बाजारातल्या तुमच्या दुसऱ्या वखारीची खोली रिकामी हाय, ती अंबुबाईला दे. देतोस का न्हाय, सोमवारपर्यंत सांग!"