कुंपणापलीकडची पोरं

एडिनबरा, ४ मार्च २०२४

ती. नंदाआत्या यांस,
इरावतीचा सा. न. वि. वि.

इल्फर्डची थंडी आणि तुमच्या गुडघ्याची कुरकुर कमी झाली असेल. इकडे डोक्याला ताप झालाय. शेजारच्या घरात चोऱ्यांसाठी शिक्षा झालेली चार पोरं आणून ठेवलीत. इथल्या मूळच्या भटक्या जमातीची, ज्यांना ट्रॅव्हलर म्हणतात. त्यांच्यातलीच एक बाई त्यांना सांभाळते, जुनी गाणी नि पत्र्याची कामं शिकवते. अशाने म्हणे सुधारतात! गेल्या आठवड्यात माझ्या नकुलची सायकल गेली. पाहिलं कुणीच नाही, पण दुसरं कोण असणार? मी पोलिसांना सरळ त्या घराचं नाव सांगितलं.

चौदा तारखेला गल्लीची मीटिंग आहे. सगळ्यांनी हरकत घेतली तर कौन्सिल घर बंद करेल, पोरं परत तुरुंगात. नवरा आहे माझा, तरी रवी म्हणतो, घाई करू नकोस. त्याला कुणाचा संशयच येत नाही.

माया आहेच, तशीच असू द्यावी.
तुमची इरावती


इल्फर्ड, ८ मार्च २०२४

चि. इरावतीला आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, पण तुझं पत्र वाचून संताप आला. तुझ्या बाबाने सांगितलं नाही, तेव्हा मीच सांगते. आपण पारधी. इंग्रजांच्या कायद्याने आपली अख्खी जमात जन्मतः गुन्हेगार. माझा जन्म सोलापूरचा, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमधला, म्हणजे जमातीला कोंडून ठेवायच्या सरकारी वसाहतीतला. गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी आमच्या दारात. तुझ्या आजोबांना रोज हजेरी. पुढे कायदा गेला, तुझ्या बाबाने आडनाव बदललं, लोकांची नजर मात्र तीच राहिली.

ती पोरं संत आहेत असं मी म्हणत नाही. केलीही असेल चोरी. पण तू पाहिलंस का? नसेल तर तोंड आवर.

रागावले म्हणून प्रेम आटलं असं समजू नकोस.
तुझी आत्या


एडिनबरा, १७ मार्च २०२४

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर ते दोनदा वाचलं. मग पोलिसांकडची तक्रार मागे घेतली आणि मीटिंगमध्ये आपली सगळी हकिगत सांगितली. हरकत पाठवायची नाही असं ठरलं. पोरं राहिली. सायकल काही सापडली नाही. आणि खरं सांगते, त्या दारावरून जाताना माझा हात अजून पर्सकडे जातो. लाज वाटते, पण जातो.

समोरच्या मॉरीनने मीटिंगमध्ये मला मिठी मारली, डोळे पुसले. काल ती केक घेऊन आली, फार गोड बोलली. निघता निघता म्हणाली, सुट्टीवर जाताना लागेल म्हणून आमच्याकडे ठेवलेली तिच्या घराची किल्ली तिला परत हवी आहे.

मी दिली.

लोभ असू द्या. आता इथे त्याची गरज पडेल.
तुमची इरावती