माळ्यावरचा पुतळा

प्रिय मास्तरीणबाई,

आमच्या घरात तुझं हेच नाव पडलंय. लोकांना गाडी चालवायला शिकवणारी मुलगी आता आपल्या भावालाही वळणावर आणणार, या आनंदात माझ्या लेकीने ते पाडलं. मी तुला अगं-तुगंच करणार आहे, तेवढं चालवून घे. त्या रविवारी चहा अर्धा टाकून तू उठलीस आणि तेव्हापासून आमच्या चिरंजीवांचा फोन उचलत नाहीस. तो जेवायला बसतो, चार घास चिवडतो आणि उठतो. मला तुझा राग यायला हवा होता, पण येत नाही. तुझ्या जागी मी असते तर तो अर्धा कपसुद्धा माझ्या घशाखाली उतरला नसता.

तू येणार म्हणून आमची काय धांदल उडाली होती! चिरंजीवांनी आम्हाला सकाळपासून पढवलं होतं. पगार विचारायचा नाही, लग्नाची तारीख काढायची नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्या कपड्यांच्या शिवणी बघायच्या नाहीत. शिंप्याच्या घराला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यासारखं. तू दारात आलीस आणि आमची सगळ्यांची नजर गेली ती थेट तुझ्या उसवलेल्या बाहीवर. लेकीने तर तुला जवळ घेता घेता टाचणीही लावली. तू मनापासून हसलीस आणि माझा जीव भांड्यात पडला. ही आपल्यात टिकेल, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

घरातल्या प्रत्येकाच्या मापाचा एक पुतळा आमच्या दुकानात असतो, हे चिरंजीवांनी तुला सांगितलं होतं. कापडी धडावर कापसाच्या पट्ट्या गुंडाळून तो त्या माणसाच्या अंगाइतका भरायचा. सून ठरली की सासऱ्याने तिचा पुतळा भरून त्यावर तिचा कोट शिवायचा, ही आमची जुनी रीत. तुझ्याआधी एक मुलगी ठरली होती, हेही तुला ठाऊक होतं. ते मोडलं, तिचं दुसरीकडे लग्न झालं, आता तिला मुलंबाळं आहेत. तिचा पुतळा माळ्यावर धूळ खात पडला होता. पण ते ठाऊक असणं वेगळं आणि त्या दिवशी जे झालं ते वेगळं.

आमचे हे आतून कोट घेऊन आले, कौतुकाने तुझ्या अंगावर चढवला, आणि तो तुझ्या खांद्यांवरून ओघळला. बाह्यांत तुझी बोटंही दिसेनात. मागे दार उघडंच होतं, त्यातून माळ्यावरून काढून टेबलावर उभा केलेला तो जुना पुतळा तुलाही दिसला. मग यांनी तुला तिच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, “बारीक झालीस गं. माप तर तुझंच आहे.”

लेक कपबशा गोळा करायला लागली, चिरंजीव खिडकीबाहेर बघत राहिला. तू कोट काढून त्याची नीट घडी घातलीस आणि जिन्याकडे निघालीस. जिन्यात तू त्याला विचारलंस, तुमच्या घरात मी कुणाच्या जागेवर आलेय? तो इतकंच म्हणाला की बाबांची चूक झाली. मला वरून ऐकू आलं आणि वाटलं, कपाळ माझं, या मुलाला धड खोटंही बोलता येत नाही.

चाळीस वर्षं कापड बेतणारा माणूस मापात चुकत नाही, बाई. हे विसरायला लागले आहेत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो आजार मागे फिरत नाही हेही सांगितलं. यांनी बेतलेलं कापड लेक गुपचूप तपासते. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं यांनीच भानावर असताना आमच्याकडून वचन घेतलं. तुला गमावून बसला तरी चिरंजीवांनी ते मोडलं नाही. वर मलाही बजावलं की आईने तिला काही कळवायचं नाही, ती दयेपोटी परत येईल. मी ते वचन आज मोडते आहे. तुला परत बोलवायला नव्हे. इथे आलीस तर हे तुला पुन्हा त्याच नावाने हाक मारतील, कदाचित रोज, आणि पुढे एक दिवस मलाही ओळखणार नाहीत. ते सगळं तुझ्याही वाट्याला येईल. त्याला भिऊन नाही म्हणालीस तर मी तुला बोल लावणार नाही, मलाच भीती वाटते. पण तुझ्या नकाराला खरं कारण असू दे. माझ्या मुलाच्या मनात दुसरी कुणी आहे म्हणून जाऊ नकोस, कारण तशी कुणीही नाही.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
त्याची आई