बोरमाळ गिअरबॉक्समध्ये आहे

मी, लंकाबाई देवराम निरगुडे, वय चौसष्ट, निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्याने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी फूस लावलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण वाटण्यासारखं काही उरलंय असं वाटत नव्हतं.

वकीलसाहेबांनी नमुना दिला होता, दीड पानात सगळं बसत होतं. म्हणाले, "बाई, कोणाला काय एवढंच लिहायचं. का, ते लिहायचं नसतं." मी म्हटलं, "का ते लिहायचं नसेल तर मला मरायची घाई नाही." शेवटी त्यांनी हात जोडले. हा कागद माझी मुलगी मोहिनी हिच्यासाठी आहे. पाच वर्षं झाली, ती या घरात जेवलेली नाही. बाकीच्यांनीही ऐकावा, पण मोठ्याने वाचावा आणि मधलं काही गाळू नये.

कलम १. सिडकोतलं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते निम्मं मुलगा संतोष याला आणि निम्मं मोहिनीला. संतोषने कुरकुर करू नये. एकदा यजमानांनी हेच घर गहाण टाकायचे कागद आणले होते, गाडीच्या इंजिनासाठी. आयुष्यात नवऱ्याने पुढे केलेल्या तेवढ्या एका कागदावर मी सही केली नाही, म्हणून आज वाटायला घर आहे.

कलम २. शिलाई मशीन, पितळी भांडी आणि कपाट सूनबाई हर्षाली हिला. या पोरीने माझ्याकडून सोन्याचा एक मणीसुद्धा घेतलेला नाही. हे वाक्य मोहिनीने दोनदा वाचावं.

कलम ३. दागिने. वकीलसाहेब म्हणाले, प्रत्येक दागिन्याचं वर्णन आणि तो कुठे ठेवलाय ते लिहा. लिहिते.

दोन पाटल्या, चार तोळे: गाडीच्या इंजिनात.

वज्रटीक, तीन तोळे: गाडीच्या मागच्या चाकांवर.

बोरमाळ, सहा तोळे, माझ्या आईची, चव्वेचाळीस मण्यांची: गिअरबॉक्समध्ये.

ज्याला जे हवं त्याने पाना घेऊन काढून घ्यावं. गाडी दारातच आहे, ताडपत्रीखाली.

कलम ४. सदर गाडी. काळी, परदेशी बनावटीची, एकोणीसशे शहाण्णव सालची, आत चामड्याच्या गाद्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी चांगलीच बनवली होती, वाटोळं आपल्या माणसांनी केलं. माझे धाकटे दीर धनराज यांनी ती नवी घेतली तेव्हा ते द्राक्षं परदेशी पाठवत होते आणि त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पाच वर्षं त्यांनी ती उडवली. दोन हजार एक साली यजमानांनी अंबडच्या कारखान्यातल्या फोरमनच्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, सहा लाख हातात आले, आणि आठव्या दिवशी भाऊजी दारात हजर. "वहिनी, लय मऊ गाडी हाय. पोटातलं पाणी हलायचं नाय. दादानं जन्मभर सायकल मारली, आता त्यानं साहेबासारखं बसायचं." साडेचार लाख मोजले. मला विचारलं नाही. मी चहा केला तेवढाच माझा सहभाग.

नवी गाडी आधी वणीच्या देवीला न्यायची, ही आमच्याकडची रीत. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी, हे आणि दोन्ही मुलं निघालो. नांदुरीचा घाट निम्मा चढलो नाही तोच काटा लालात गेला आणि बोनेटखालून वाफ आली. यजमानांनी बोनेट उघडलं. वास आला, मोहिनी, तुला आठवत असेल, तूच म्हणालीस, "आई, पिठलं करपल्यासारखा वास येतोय." रेडिएटरमधून पिवळंधमक पाणी वाहत होतं. चाळीस वर्षं फोडणी दिलेली बाई मी, मला हळद कळत नाही? यजमानांनी भाऊजींना घाटाखालच्या बूथवरून चार वेळा फोन लावला. एकदाही उचलला नाही. देवीचं दर्शन राहिलं ते राहिलंच, आम्ही टेम्पोला बांधून परत आलो.

अंबडला शेड टाकून बसलेला दत्तू मेकॅनिक यजमानांच्या हाताखाली शिकलेला. त्याने समजावून सांगितलं. रेडिएटर गळायला लागला की ट्रकवाले त्यात मूठभर हळद टाकतात. ती फुगते आणि भोक बुजतं. दोन-चार दिवस गळती दिसत नाही, तेवढ्यात गाडी विकून मोकळं व्हायचं. मग तीच हळद आत साचून पाण्याच्या वाटा बंद करते, इंजिन तापतं आणि हेड वाकतं. आमचं वाकलं. पाटल्या गेल्या. "हे त्यांच्या ड्रायव्हरचं काम," यजमान म्हणाले. "धनराज असं करणार नाही." मी म्हटलं, "हो, ड्रायव्हर स्वतःच्या घरची हळद घालतो ना मालकाच्या गाडीत!" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे मागची चाकं. तेलाच्या दाबाने गाडी उचलून धरणारं काहीतरी यंत्र तिच्या मागच्या बाजूला होतं. ते फुटलं. सकाळी दार उघडावं तर गाडी म्हशीसारखी मागून बसलेली. ते सामान नाशकात मिळेना, मुंबईहून आलं, तेही दुसऱ्या गाडीचं काढलेलं. वज्रटीक गेली. मग खिडकीची काच दारात पडली ती वर येईना. भर पावसाळ्यात आम्ही त्या साहेबी गाडीत खताची पिशवी लावून बसलो. मग एसी. मग डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला तो काय केल्या विजेना. त्यावर दत्तूने काळी पट्टी चिकटवली. एवढी एकच दुरुस्ती फुकटात झाली. गाडी घ्यायची ऐपत आणि गाडी पोसायची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बालवाडीतल्या पोराला कळेल. फोरमनला कळलं नाही.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, मोहिनीच्या लग्नाला तीन महिने असताना, गिअरबॉक्स गेला. गाडी पुढे जाईना, फक्त मागे जाई. यजमानांनी ती त्रिमूर्ती चौकापासून घरापर्यंत उलटी आणली, मान वळवून, घामाघूम. गल्लीतली पोरं टाळ्या पिटत मागे. मी ओट्यावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रात्री म्हणाले, "लंके, शेवटचं मागतो." बोरमाळ काढून दिली. मग म्हणाले, "मुलांना कळू द्यायचं नाही. माझी शपथ आहे." तीही घेतली. मूर्ख बाई.

आता मोहिनी, तुझं. बोरमाळ तुझी, हे तुझ्या जन्मापासून ठरलेलं होतं. मालेगावच्या तुझ्या सासरच्यांना बोलणीतच सांगितलेलं होतं. मी सराफ बाजारात गेले आणि एक ग्रॅम सोन्याचं पाणी दिलेली हुबेहूब माळ आणली. लग्नात तुझ्या गळ्यात तीच घातली. तू आरशात बघून म्हणालीस, "आजीची आठवण आली गं." मी हसले. हसले मी! चार महिन्यांत पॉलिश उडालं, तुझ्या सासूने सराफाला दाखवली आणि सगळ्या भावकीत तुझी शोभा केली. तू एकटी एस.टी.ने आलीस. दारात उभं राहून विचारलंस, "खरी कोणाला दिलीस? हर्षालीला ना?" आतल्या खोलीत तुझे वडील पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान उलटत नव्हते. मी म्हटलं, "माझी वस्तू. मी कोणालाही देईन."

हे माझे शब्द. कोणी घालून दिलेले नाहीत.

तू पाणी न पिता गेलीस. वडील वारले तेव्हा आलीस, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला आणि परस्पर निघून गेलीस. मला राग आला नाही, मला तोंड नव्हतं.

कलम ५. दोन हजार सहा साली यजमान गेले तेव्हापासून गाडी हललेली नाही. शेजारच्या नवसाबाई उन्हाळ्यात तिच्या टपावर कुरडया वाळत घालतात. त्यांना मी परवानगी दिली आहे, साडेचार लाखांचा काहीतरी उपयोग व्हावा. यजमानांच्या तेराव्याला दत्तू आला होता. ताटावर बसून रडायला लागला. म्हणाला, "काकू, एक गोष्ट पोटात राहात नाही. काकांनी गाडी घ्यायच्या आधीच मला दाखवली होती. मी झाकण उघडलं आणि म्हटलं, हळद आहे, घेऊ नका. काका म्हणाले, मलाही वास आला. धनराजचा माल परत आलाय, बँक दारात आहे, आणि तो माझ्यापुढे हात पसरायचा नाही. गाडीच्या निमित्ताने घेईल. दत्तू, तू काही पाहिलं नाहीस."

म्हणजे त्यांना माहीत होतं. घाटात वाफ आली तेव्हाही माहीत होतं. भावाला उपकार वाटू नये म्हणून त्यांनी फसायचं सोंग घेतलं, आणि सोंग खरं दिसावं म्हणून ती गाडी चालवत राहिले, माझ्या अंगावरचं एकेक उतरवून. भावाची अब्रू राखली. मोठं मन! लोक म्हणतील देवमाणूस होता. मला एवढंच म्हणायचंय, की मला सांगितलं असतं तर मी पाटल्या त्याच दिवशी काढून भाऊजींच्या हातावर ठेवल्या असत्या, आणि बोरमाळ राहिली असती. मला विचारलं नाही. सदतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि एक गोष्ट विचारली नाही. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. वर भेटले तर आधी हेच काढणार आहे.

कलम ६. धनराज भाऊजींचं आता बरं चाललंय. दिंडोरी रस्त्याकडची जमीन विकली, तीन गाड्या आहेत. गेल्या वर्षापासून संतोषकडे निरोप धाडतात: "दादाची आठवण म्हणून गाडी मला द्या, दिले तेवढे साडेचार लाख परत देतो." संतोष माझ्यावर चिडलाय. "आई, भंगाराला कोणी साडेचार लाख देतं का? घे की!" बाळा, मला कळतं. त्या पैशात चार बोरमाळा आल्या असत्या. पण तोंड न उघडता दिलेला पैसा म्हणजे पुन्हा मूठभर हळदच.

म्हणून लिहून ठेवते: गाडी धनराज भाऊजींना फुकट. एक रुपया घ्यायचा नाही. अट एकच. माझ्या तेराव्याला त्यांनी यावं, मोहिनी आणि संतोष यांच्यासमोर बोनेट उघडावं आणि रेडिएटरमध्ये काय घातलं होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. मग हे पाचवं कलम त्यांना वाचून दाखवावं, कारण दादा फसला असं त्यांना अजून वाटतंय. त्यानंतर गाडी न्यावी. त्यांनी तोंड उघडलं नाही तर ती भंगारात घालावी आणि आलेले पैसे माझ्या बालवाडीतल्या पोरांच्या खाऊला द्यावेत.

कलम ७. यजमानांची हत्यारांची पेटी दत्तूला. पेटी दिली म्हणून वकीलसाहेब त्याला साक्षीदार होऊ देत नाहीत. त्याचं त्याला वाईट वाटलं, मला नाही. त्याने तोंड पाच वर्षं आधी उघडायला हवं होतं.

कलम ८. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं करून घेण्याची जबाबदारी हर्षालीवर सोपवते. ती भाऊजींना घाबरत नाही.

कलम ९. हे शेवटचं. भाऊजींकडून मी कबुली मागते तर माझीही द्यायला हवी. त्यांनी गळती झाकली ती भावाला विकायच्या गाडीची. मी झाकली ती पोटच्या पोरीच्या लग्नात. माझा गुन्हा मोठा आहे. मोहिनी, मी तुला फसवलं, आणि वर तुझ्याच तोंडावर उर्मटपणा केला.

यजमान गेल्यापासून पेन्शनमधून आणि नवसाबाईंसोबत कुरडया करून विकते त्या पैशांतून मी दर दोन महिन्यांनी सराफ बाजारात जाऊन बोरमाळेचे मणी घेते, कधी एक, कधी दोन. एकतीस झाले. तेरा राहिले. माझ्या पोस्टाच्या पुस्तकात तेवढे पैसे आहेत, ते तुझे. मणी तुझ्याच हाताने ओव, सराफाकडून ओवून घेऊ नकोस. या घरात कोणाला माहीत नाही, ते स्वयंपाकघरात वरच्या फळीवर हळदीच्या डब्यात तळाशी आहेत, फडक्यात बांधलेले. पिवळे झाले असतील. गार पाण्यानेच धू, आत लाख असते, गरमाने वितळते. हळद सोन्यावरून निघते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ११ ऑगस्ट २००९

लिहून ठेवणार:
(सही) लंकाबाई देवराम निरगुडे

साक्षीदार:
१. (सही) गोटीराम शंकर आहेर, निवृत्त पोस्टमन, सिडको
२. (डाव्या अंगठ्याची निशाणी) नवसाबाई केरू थेटे, शेजारीण, सिडको. मजकूर वाचून दाखवला, ऐकताना दोनदा रडल्या, निशाणी समजून-उमजून केली आहे.